गाडीत झोपायचं आहे आणि इन्व्हर्टर वाजतो, कोणता घ्यावा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. पुसदला जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, आसनं काढून मागे पलंग केला, छतावर २०० वॅटच्या दोन सोलर प्लेटा बसवल्या, खाली १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी टाकली. घरचा जुना ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तात्पुरता जोडून मेळघाटात गेले. वडिलांना झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, म्हणून इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवावा लागला. तो सारखा घुमत राहिला, मधूनमधून त्याचा पंखा सुटायचा आणि आई उठून बसायची. आता तुम्हाला ‘आवाज न करणारा १५०० वॅटचा इन्व्हर्टर’ हवा आहे आणि कंपनीचं नाव हवं आहे.

मी हिंगणघाटकडे सौर पंप, वावरातली झटका मशीनं (जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेला झटका देणारी) आणि अलीकडे गाड्यांमधली सोलरची वायरिंग करतो. कंपनीचं नाव विचारणारे बरेच येतात. मी त्यांना उलट विचारतो, रात्री अकरा ते सकाळी सहा तुमच्या गाडीत चालतं काय? तुमच्याकडे सीपॅप, एक पंखा आणि दोन मोबाइल. सगळं धरून १०० वॅटच्या आत. १५०० वॅटचा आकडा आला तो मिक्सरमुळे आणि कोणीतरी सुचवलेल्या इंडक्शनमुळे, आणि ती दोन्ही कामं दिवसाची. पेलाभर पाण्यासाठी पाच एचपीची मोटर रात्रभर चालू ठेवावी तसं हे होईल. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: रात्री मोठा इन्व्हर्टर बंदच राहील अशी गाडीची मांडणी करा. आवाजाचा प्रश्न खरेदीपेक्षा मांडणीत जास्त सुटतो.

आता कारणं. इन्व्हर्टरमधून तीन-चार वेगवेगळे आवाज येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. तुमच्या जुन्या इन्व्हर्टरमधला सततचा घुमणारा आवाज त्याच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. प्रत्येक अर्ध्या लहरीला गाभ्यातलं लोखंड सूक्ष्म ताणलं जातं आणि पुन्हा मोकळं होतं, म्हणून सेकंदाला १०० वेळा कंप होतो आणि तोच ‘घूं’ म्हणून ऐकू येतो. लोड असो-नसो, तो राहणारच. घरात जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरचा हा आवाज आपल्याला जाणवत नाही. गाडीत मात्र तो प्लायच्या खोक्यात ठेवलेला असतो, आणि ते खोकं ढोलकीच्या कातड्याचं काम करतं.

दुसरा आवाज पंख्याचा. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये बटण दाबलं की पंखा सुरू, बंद केलं की बंद. काहींत लोड वाढला की सुटतो. चांगल्यांत आतलं तापमान पाहून सुटतो आणि वेगही कमी-जास्त होतो. तुम्हाला हा तिसरा प्रकार हवा. माणूस सारख्या आवाजाला सरावतो. अचानक सुटणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या पंख्यानं झोप मोडते.

तिसरा आवाज हलक्या, बिनलोखंडी इन्व्हर्टरचा, म्हणजे ज्यांना हाय फ्रिक्वेन्सी म्हणतात त्यांचा. त्यांत फेराइटचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते घुमत नाहीत, पण काही मॉडेल हलक्या लोडवर बारीक शिट्टीसारखा आवाज काढतात. वय वाढलं की वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे तुमच्या वडिलांना तो कदाचित कळणारही नाही आणि सोबतचं नातवंड मात्र कानावर हात ठेवेल. दुकानात घेताना पोरगं सोबत न्या, हे मी गमतीनं म्हणत नाही.

चौथा आवाज इन्व्हर्टरचा नाहीच, पण शिव्या त्याला बसतात. स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर पंखा घुरघुरतो, त्यात जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर आणखीच. स्क्वेअर वेव्हमध्ये मूळ ५० हर्ट्झसोबत तिच्या वरच्या पटीतल्या लहरी मिसळलेल्या असतात, आणि मोटर त्यांना थरथरून दाद देते. इन्व्हर्टर कोणताही घ्या, प्युअर साइन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा. सीपॅपसाठी तर तडजोड नको.

यातलं बरंच काही परिस्थितीवर आहे, आणि आपल्या भागात परिस्थिती म्हणजे आधी ऊन. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि उन्हात उभी केलेली पत्र्याची गाडी रात्री दहालाही आतून निवलेली नसते. इन्व्हर्टरचं लोखंड आधीच तापलेलं असलं की ६० वॅटच्या लोडलाही पंखा सुटतो. माहितीपत्रकावरचा वॅटचा आकडा बहुतेक वेळा २५ अंशांचा असतो. व्हिक्ट्रॉनसारखी कंपनी दोन्ही आकडे छापते. त्यांच्या फिनिक्स मालिकेतला ५०० व्हीएचा इन्व्हर्टर २५ अंशांवर ४०० वॅट सतत देतो, ४० अंशांवर ३५०. म्हणजे नावात ५००, आपल्या उन्हाळ्यात ३५०, आणि ४०च्या वर त्याहूनही कमी. ज्या पत्रकात तापमानाचा उल्लेखच नाही तिथे मी स्वतःच एक तृतीयांश वजा करून चालतो.

आता गंमत पाहा. उन्हाळ्यात गाडीत कूलर लागलेला असेल तर त्याच्या आवाजात इन्व्हर्टरचा पंखा कोणाला ऐकू येत नाही. आवाजाच्या खऱ्या तक्रारी माझ्याकडे दिवाळीनंतर येतात. सेमाडोह-चिखलदऱ्याकडे थंडीत काचा बंद, पंखा बंद, बाहेर चिटपाखरू नाही. तेव्हा छोटीशी घरघरही उशाशी आल्यासारखी वाटते. त्याच दिवसांत वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं पाहायला मुक्काम टाकणार असाल तर ही काळजी सोडा, पहाटेपर्यंत भोंगाच चालू असतो. थोडक्यात, शांतता तपासायची तर हिवाळ्यातल्या रात्रीच्या मापानं तपासा, आणि ताकद तपासायची तर मे महिन्याच्या.

आता मी काय करीन ते सांगतो.

पहिलं काम सीपॅपचं. बऱ्याच सीपॅप मशीनच्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. म्हणजे आपण बॅटरीची १२ व्होल्ट डीसी घेतो, इन्व्हर्टरनं तिची २३० एसी करतो आणि अडॅप्टरनं पुन्हा २४ डीसी करतो. दोनदा उलटापालट, दोन्हीकडे गळती, आणि त्या गळतीची उष्णता काढायला पंखा. त्याऐवजी मशीनच्याच कंपनीचा १२ वरून २४ व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर घ्या. हातभर वायर, मुठीएवढा डबा, आत पंखा नाही. बाजारात याचे सुटे स्वस्त बूस्टरही मिळतात. झटका मशीनला चालतील, वडिलांच्या श्वासाच्या मशीनला लावू नका.

ह्युमिडिफायरचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. सीपॅपची साधारण गरज २० ते ४० वॅट असते, पण पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू केली की ती दुप्पट-तिप्पट होते. काही कंपन्यांचे डीसी कन्व्हर्टर तर ह्युमिडिफायरसकट भार घेतात की नाही हेही पाहावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की अनेकांना गरम पाण्याची गरज भासत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घसा सुकतो, तेव्हा ती भासते. एकाच माणसाची गरज ऋतूप्रमाणे बदलते, आणि बॅटरीचा हिशेब त्या जास्तीच्या महिन्यावर धरायचा.

दुसरं काम पंख्याचं. छताचा साधा पंखा ७०-८० वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३०च्या आसपास, आणि १२ व्होल्टचा डीसी पंखा १५ ते २५ वॅटमध्ये गाडीच्या जागेला पुरेसा वारा देतो. तो थेट बॅटरीवर चालतो. दिवे, मोबाइलचे चार्जर, पाण्याचा छोटा पंप हेही १२ व्होल्टवरच घ्या. एवढं केलं की रात्री इन्व्हर्टरचं बटण बंद. आणि बंद इन्व्हर्टरइतका शांत इन्व्हर्टर कोणतीच कंपनी बनवत नाही.

फायदा नुसता आवाजाचा नाही. इन्व्हर्टर काहीच काम करत नसला तरी स्वतःला थोडी वीज खातो. चांगला छोटा इन्व्हर्टर ५-१० वॅट खाईल, जुना ट्रान्सफॉर्मरवाला सहज ३०. आठ तासांत ३० वॅटचे २४० वॅट-अवर होतात. तुमची बॅटरी आहे १२८० वॅट-अवरची. जवळपास पाचवा भाग नुसता घुमण्यात गेला. पावसाळ्यात, ढग चार दिवस हटत नाहीत तेव्हा, हा पाचवा भाग फार मोलाचा असतो.

तिसरं काम, तरीही रात्री २३० व्होल्ट लागलेच तर. समजा सीपॅपचा डीसी कन्व्हर्टर मिळाला नाही, किंवा लॅपटॉपवर काम करायचं आहे. त्यासाठी २५०-३५० वॅटचा छोटा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर वेगळा ठेवा. या मापात काही मॉडेल पंख्याशिवाय येतात, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर थंड होतात. दिवसाच्या मिक्सरसाठी १००० ते १२०० वॅटचा दुसरा घ्या. एका मोठ्यापेक्षा हे दोन मिळून थोडे महाग पडतील, पण एक बिघडला तर दुसऱ्यावर वडिलांचं मशीन चालेल, आणि माझ्या हिशेबात तेच मोठं कारण आहे. फक्त दोघांचे आउटपुट कधीही एकत्र जोडू नका. प्रत्येकाचे सॉकेट वेगळे, रंगानं ओळखू येतील असे.

इंडक्शनचा नाद मात्र सोडा. १२ व्होल्टवर २००० वॅट म्हणजे १८० अँपिअरच्या वर. तुमची बॅटरी, केबल, फ्यूज सगळं त्यासाठी बदलावं लागेल. गॅसची छोटी शेगडी ठेवा आणि स्वयंपाक खिडकी उघडून करा.

काही जण सांगतील की एकच मोठा इन्व्हर्टर घ्या आणि त्याचा इको मोड लावा. इको मोडमध्ये इन्व्हर्टर झोपतो आणि दर काही सेकंदांनी लोड आहे का ते चाचपतो. ऐकायला चांगलं आहे, पण सीपॅप किंवा मोबाइलचा चार्जर एवढा हलका असतो की कधी तो जागा होतो, कधी नाही. शिवाय काही मशीनमध्ये प्रत्येक चाचपणीला टिक आवाज येतो आणि एलईडी दिवा लुकलुकतो. श्वासाच्या मशीनला हा खेळ नको.

आता जागेबद्दल, कारण यात लोक सर्वात जास्त घाई करतात. पलंगाखाली रिकामी जागा दिसते म्हणून इन्व्हर्टर तिथेच सरकवतात. तुमचा पलंग मागे आहे, तर इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागे न्या, आणि बॅटरीही त्याच्यासोबत न्या. इन्व्हर्टर एकटा पुढे नेऊन बॅटरी मागेच ठेवाल तर नवा त्रास उभा राहील. १००० वॅटला बॅटरीकडून ९० अँपिअरच्या वर करंट येतो. १० चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन ६ मीटर झाली तर तिच्यातच जवळपास एक व्होल्ट पडतो. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टरला ती उतरलेली दिसते, तो जास्त करंट ओढतो, जास्त तापतो, पंखा जोरात फिरतो आणि वरून लो बॅटरीचा बझर ओरडतो. ‘इन्व्हर्टर खराब निघाला’ म्हणून आलेल्या किती तरी गाड्यांत दोष वायरीचाच असतो. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच १२५ अँपिअरचा फ्यूज. २३० व्होल्टची वायर कितीही मागे न्या, तिथे फरक पडत नाही.

बसवताना प्लायच्या फळीवर सरळ ठोकू नका. गाडीच्या लोखंडी चौकटीला पट्टी घ्या आणि मध्ये रबर द्या. एसीच्या बाहेरच्या युनिटखाली घालतात ते रबरी पॅड तालुक्याच्या कोणत्याही फ्रिज-एसीवाल्याकडे मिळतात, तेच चालतात. ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा आवाज यानं लक्षणीय उतरतो. फोम लावून खोकं बंद करणं हा मात्र उपाय नाही. आवाज दोन दिवस कमी होतो, मग आतली हवा तापते आणि पंखा थांबायचं नाव घेत नाही. चारी बाजूंनी वीतभर जागा, खाली एक जाळी आणि वर एक जाळी. हवा गाडीच्या आतूनच घ्या, चाकाच्या बाजूनं घेतली तर काळ्या मातीची धूळ सगळी आत. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ गाडी उभी राहत असेल तर जाळीवर रुईचा थर बसतो, तो ब्रशनं काढत जा. आणि जाळीची भोकं पाल शिरणार नाही एवढी बारीक ठेवा, बोर्डावर पाल जळालेले इन्व्हर्टर या भागात काही नवीन नाहीत.

कोणी ‘भाऊ, पंख्याची वायरच काढून टाक ना’ म्हणेल. काढू नका. मोठा इन्व्हर्टर त्या पंख्याच्या भरवशावर तेवढे वॅट देतो. शांत पंखा बदलून लावायचा असेल तर व्होल्टेज आणि हवेचा झोत मूळ पंख्याइतकाच हवा. कमी झोताचा पंखा शांत असतो, कारण तो काम कमी करतो.

घेताना डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नका. किती अंतरावरून, किती लोडवर मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात दुपारी प्रत्येक इन्व्हर्टर शांतच वाटतो. दुकानदाराशी बोलून एका रात्रीसाठी घरी आणा. आधी बिनलोड अर्धा तास, मग ६० वॅटचा जुना बल्ब लावून दोन तास चालवा. पंखा कधी सुटतो, थांबतो की चालूच राहतो, घूं येतो की शिट्टी, हे घरातले सगळे झोपल्यावर ऐका. बॅटरीच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर लावून बिनलोडचा करंट मोजा. १२ व्होल्टला एक अँपिअर म्हणजे १२ वॅट. छोट्या इन्व्हर्टरमध्ये यापेक्षा जास्त दिसला तर परत करा.

तुमचा घरचा जुना इन्व्हर्टर गाडीतून काढाच. एक तर तो खड्ड्यांचे हादरे सोसायला बनवलेला नाही. दुसरं, त्याच्या आतला चार्जर लेड-ॲसिड बॅटरीच्या मापाचा आहे, नातेवाइकांकडे प्लग लावून तुमची लिथियम त्यावर चार्ज करू नका. वेगळा लिथियमचा चार्जर घ्या आणि तो दिवसा चालवा, कारण चार्जरलाही पंखा असतो. बॅटरीही उन्हाच्या बाजूला ठेवू नका, बऱ्याच लिथियम सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंगची मनाई असते. इंजिन चालू असताना चार्जिंग हवं असेल तर गाडीची बॅटरी आणि ही लिथियम यांच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर घाला, थेट जोडू नका.

एक सुरक्षेचं. आत १२ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरनंतर घरासारखेच २३० व्होल्ट आहेत, आणि गाडी सगळी लोखंडी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच लावा. पण न्यूट्रल गाडीच्या बॉडीला जोडायचा की नाही, हे त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तसंच करा. ज्याचं आउटपुट तरंगतं आहे, म्हणजे न्यूट्रल बॉडीला किंवा अर्थला जोडलेला नाही, त्यावर नुसता आरसीसीबी लावला तर तो शोभेचा राहतो. आणि गाडीतल्या बदलांची आरटीओकडे नोंद झाली नसेल तर तीही करून घ्या.

सोलरचं तुमचं गणित ठीक आहे. ४०० वॅटच्या प्लेटा छतावर सपाट पडलेल्या असल्या तरी स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटच्या (१५०० वॅट-अवरच्या) आसपास देतील. मे महिन्यात ऊन जास्त पण प्लेटा तापून उत्पादन थोडं खाली येतं, पावसाळ्यात ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली जातं. मी सांगितल्याप्रमाणे केलं तर तुमचा रात्रीचा खर्च ४०० ते ५०० वॅट-अवरपर्यंत राहावा, ह्युमिडिफायर धरला तर त्याहून बराच जास्त. प्लेटांमधून बॅटरी चार्ज करणारा एमपीपीटी कंट्रोलर बिनपंख्याचा मिळतो, तोच घ्या. नाही तर इन्व्हर्टर शांत केला आणि दिवसा आडवं पडलं की कंट्रोलर घरघरतो, असं व्हायचं.

सध्या खरेदी थांबवा. आधी सीपॅपच्या अडॅप्टरवर आउटपुटला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलं आहे ते कळवा, मशीनचं मॉडेल सांगा, आणि पलंगापासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. डीसी कन्व्हर्टर बसत असेल तर तुम्हाला रात्रीचा छोटा इन्व्हर्टर घ्यावा लागतो की नाही, हे तिथेच कळेल.